आवृत्तीचा आकडा वाचताना : ओपन सोर्स सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी आणि लिहिणाऱ्यांसाठी

सोलापुरातील एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील संगणकांची देखभाल मी करतो. तेथील ग्रंथपाल मॅडमनी एकदा पायथन या प्रोग्रामिंग भाषेबद्दल विचारले, "सर, पायथन ३.९ नंतर ४.० यायला हवे होते, ३.१० कसे आले? ३.१० म्हणजे ३.१च ना?" शाळेत शिकलेल्या दशांश अपूर्णांकांच्या हिशेबाने त्यांचे म्हणणे बिनचूक होते. आवृत्ती क्रमांकातले टिंब मात्र दशांशचिन्ह नसते. तिसऱ्या खंडाचे नववे प्रकरण संपले की दहावे प्रकरण येते, चौथा खंड येत नाही, असे सांगितल्यावर त्यांना ते तत्काळ पटले, कारण खंड आणि प्रकरणे हा त्यांच्या रोजच्या कामाचा विषय आहे. हा घोटाळा फक्त माणसांचाच होतो असेही नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये पायथन ३.१० आले तेव्हा क्रमांकाची पहिली तीनच चिन्हे वाचणारे कित्येक प्रोग्राम त्याला ३.१ समजून बसले आणि 'ही आवृत्ती फार जुनी आहे' अशी तक्रार करू लागले.

आवृत्तीचा आकडा हा प्रकल्पाने वापरणाऱ्याला दिलेला शब्द असतो, आणि प्रत्येक प्रकल्पाचा शब्द वेगळा असतो. म्हणून आकडा मोठा की लहान यापेक्षा तो कोणी, कोणत्या अर्थाने दिला आणि त्या आवृत्तीची देखभाल कोणत्या तारखेपर्यंत होणार, हे आधी पाहावे. महाविद्यालय, वाचनालय किंवा चादरी-टॉवेलचा कारखाना अशा ठिकाणी जो माणूस 'संगणकाचं तेवढं तुम्ही बघा' या वाक्यामुळे जबाबदार झालेला असतो, त्याच्यासाठी पुढील मजकूर लिहिला आहे. शेवटचा भाग स्वतः सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांसाठी आहे.

तीन आकड्यांचा करार

सर्वाधिक प्रचलित पद्धत तीन आकड्यांची आहे. तिला सेमँटिक व्हर्जनिंग म्हणतात, आणि तिचे नियम गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळाच्या संस्थापकांपैकी एक असलेले टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी लिहून काढले. समजा क्रमांक १.४.२ आहे. केवळ चूक दुरुस्त केली, तर शेवटचा आकडा वाढतो. जुने काही न मोडता नवी सोय दिली, तर मधला आकडा वाढतो आणि शेवटचा पुन्हा शून्यावर येतो. जुन्या पद्धतीने वापरणाऱ्याचे काम अडेल असा बदल केला, तर पहिला आकडा वाढतो आणि मागचे दोन्ही शून्य होतात.

या करारातील दोन बारकावे नेहमी नजरेआड होतात. पहिला असा की पहिला आकडा शून्य असेल, तर करार अजून झालेलाच नाही. ०.७ वरून ०.८ वर जाताना काहीही बदललेले असू शकते आणि त्याबद्दल भांडता येत नाही. दुसरा बारकावा अंतिम आवृत्तीआधीच्या चाचणी प्रतींना लागणाऱ्या अल्फा, बीटा आणि आरसी (रिलीज कँडिडेट) या शेपटांचा आहे. १.०.०-आरसी.१ हे १.०.० च्या आधीचे असते, नंतरचे नव्हे, आणि बीटा.२ हे बीटा.११ च्या आधी येते, कारण तेथेही आकड्यांची तुलना पूर्ण संख्या म्हणूनच होते. आरसी म्हणजे 'दुसरी काही चूक सापडली नाही तर हेच प्रसिद्ध करू' अशी प्रत. ती तपासण्यासाठी अवश्य घ्यावी, पण जेथे पावत्या निघतात त्या संगणकावर घेऊ नये.

जावास्क्रिप्टची पॅकेजेस बसवणाऱ्या एनपीएमसारखी साधने या करारावर विसंबूनच चालतात. आपला प्रोग्राम ज्यांवर अवलंबून आहे त्या पॅकेजेसच्या यादीत क्रमांकाच्या आधी टोपीचे चिन्ह (^) असेल आणि पुढे १.४.२ असेल, तर १.४.२ पासून २.०.० च्या आतले काहीही चालेल असा त्याचा अर्थ होतो. लहरी रेघेचे चिन्ह (~) असेल, तर १.५.० च्या आतलेच चालते. समोरच्या लेखकाने करार पाळला नाही, तर ही सोयच अंगलट येते. त्यामुळे प्रत्यक्ष कोणते क्रमांक बसवले गेले त्याची नोंद ठेवणारी लॉक फाइल कोडसोबत जपून ठेवावी.

हा करार सगळेच पाळतात असे मात्र धरून चालू नये. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये २०१७ पूर्वी पहिले दोन आकडे मिळून मुख्य आवृत्ती ठरत असे. म्हणजे ९.५ वरून ९.६ हा दिसायला लहान बदल प्रत्यक्षात मोठा होता आणि त्यासाठी सगळा डेटा नव्या आवृत्तीत हलवावा लागत असे. आवृत्ती १० पासून त्यांनी हा गोंधळ मिटवला : आता १६ वरून १७ ही उडी मोठी, आणि १६.३ वरून १६.४ ही निव्वळ दुरुस्ती. याच्या उलट लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्स कार्यप्रणालीच्या गाभ्याच्या, पहिल्या आकड्याला तांत्रिक अर्थच नाही. जुलै २०११ मध्ये २.६.३९ नंतर ३.० आले तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी स्वतःच सांगितले होते की त्यात मोठे असे काही बदललेले नाही. तेव्हापासून दुसरा आकडा विसाच्या आसपास पोचला की पहिला वाढवतात; ३.१९ नंतर ४.०, ४.२० नंतर ५.० आणि ५.१९ नंतर ६.० असा तो प्रवास आहे. डोनाल्ड क्नुथ यांच्या टेक या अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरची तर गोष्टच न्यारी आहे. प्रत्येक नव्या आवृत्तीत पायच्या किमतीचा एकेक अंक जोडला जातो. २०२१ ची आवृत्ती ३.१४१५९२६५३ आहे, म्हणजे पुढचा प्रत्येक बदल आधीच्यापेक्षा लहान असेल असे जणू आकड्यानेच सांगून ठेवले आहे.

तारीख हाच क्रमांक असण्याची पद्धतही रुळलेली आहे. उबुंटू या लिनक्सच्या वितरणाची (वापरायला तयार संचाची) २४.०४ ही आवृत्ती म्हणजे २०२४ सालचा एप्रिल. ग्रंथालयांत वापरले जाणारे, मूळचे न्यूझीलंडचे कोहा हे सॉफ्टवेअर २०१६ पासून असेच क्रमांक देते : २३.०५, २३.११, म्हणजे मे आणि नोव्हेंबर. त्यापुढचा तिसरा आकडा देखभालीच्या रिलीजचा. लिब्रेऑफिस या कार्यालयीन सॉफ्टवेअरने ७.६ नंतर जानेवारी २०२४ च्या अखेरीस एकदम २४.२ हा क्रमांक घेतला, तेव्हा मधल्या सोळा आवृत्त्या कोठे गेल्या, असे मलाच दोघांनी विचारले होते. तारखेचा आकडा वय सांगतो. आत काय मोडले असेल ते सांगत नाही. त्यासाठी रिलीज नोट्स, म्हणजे आवृत्तीसोबतची बदलांची माहिती, वाचाव्याच लागतात.

वारी आणि सुगी

रिलीज केव्हा करायचे हे ठरवण्याच्या मुख्यतः दोन रीती आहेत, आणि त्या समजावून सांगायला सोलापूर जिल्ह्याइतके सोयीचे ठिकाण दुसरे नसेल. आषाढीची वारी तिथीवर चालते. ज्याची तयारी झाली नाही त्याच्यासाठी पालखी थांबत नाही, तो पुढच्या वर्षी येतो. उबुंटू दर सहा महिन्यांनी, पायथन दरवर्षी ऑक्टोबरमध्ये, पोस्टग्रेस वर्षातून एकदा, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये असे तिथीवर निघतात. अपुरी राहिलेली सोय पुढच्या खेपेला जाते. उबुंटूने हा नेम एकदा मोडला : २००६ च्या एप्रिलचे रिलीज जूनमध्ये आले, आणि त्यामुळे ५.१० नंतरचा क्रमांक ६.०४ ऐवजी ६.०६ झाला. लिनक्स कर्नल दर नऊ-दहा आठवड्यांनी येतो. पहिले दोन आठवडे नवे बदल स्वीकारतात, त्यानंतर दर आठवड्याला एक आरसी निघते, आणि सातव्या किंवा आठव्या आरसीनंतर अंतिम आवृत्ती प्रसिद्ध होते.

दुसरी रीत सुगीची. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली ज्वारी कणसात दाणा भरल्यावरच काढतात, कॅलेंडर बघून नाही. डेबियन या दुसऱ्या लिनक्स वितरणाचे काम असे चालते. नवे पॅकेज आधी 'अनस्टेबल' शाखेत येते, तेथे काही दिवस निभावले की 'टेस्टिंग'मध्ये जाते, आणि पुढे टेस्टिंग गोठवून, गंभीर चुका निस्तरून त्याचेच 'स्टेबल' होते. अलीकडे हे चक्र साधारण दोन वर्षांचे झाले आहे; डेबियन १२ जून २०२३ मध्ये आले आणि डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये. कच्चा माल बाजारात गेला की काय होते याचाही धडा डेबियनच्या इतिहासात आहे. १९९० च्या दशकात एका सीडी विक्रेत्याने विकासातली अर्धवट प्रत '१.०' या नावाने विकली. तो क्रमांक असा बदनाम झाल्यामुळे प्रकल्पाने १.० कधी काढलेच नाही, थेट १.१ काढले.

अखंड वाहणारी तिसरी रीतही आहे, जिच्यात आर्च लिनक्ससारखे प्रकल्प वितरणाला क्रमांकच देत नाहीत. हौसेच्या लॅपटॉपवर ती आनंदाने वापरावी. कार्यालयात नको, एवढेच माझे मत आहे.

तिथीवर निघणाऱ्या प्रकल्पांमध्ये सगळी रिलीज सारख्या तोलाची नसतात. उबुंटूच्या सम वर्षांतील एप्रिलच्या आवृत्त्या दीर्घ मुदतीच्या असतात आणि त्यांना पाच वर्षे नियमित देखभाल मिळते; मधल्या आवृत्त्यांना केवळ नऊ महिने. फायरफॉक्स दर चार आठवड्यांनी नवा क्रमांक घेतो, पण संस्थांसाठी त्याची वर्षभर टिकणारी वेगळी शाखा आहे. कार्यालयासाठी निवड करताना 'सर्वांत नवीन कोणते' असा प्रश्न न विचारता 'दीर्घ मुदतीचे नवीन कोणते' असा विचारावा.

जुना आकडा, नवी दुरुस्ती

येथे थोडे थांबावे लागेल, कारण सर्वाधिक गैरसमज याच ठिकाणी होतात. एप्रिल २०१४ मध्ये इंटरनेटवरील संवाद गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरमधील हार्टब्लीड ही चूक जाहीर झाली. १.०.१ पासून १.०.१एफ पर्यंतच्या आवृत्त्या सदोष होत्या आणि दुरुस्ती १.०.१जी मध्ये आली. त्या वेळी डेबियन ७ च्या यंत्रावर अद्ययावत केल्यानंतरही क्रमांक १.०.१ई असाच दिसत होता, आणि तरीही यंत्र सुरक्षित होते. डेबियनने नवी आवृत्ती न घेता फक्त दुरुस्तीचा तुकडा जुन्या आवृत्तीत आणून बसवला होता. पूर्ण क्रमांक १.०.१ई-२+डेब७यू५ असा होता आणि खरी माहिती त्या शेपटात होती. या पद्धतीला बॅकपोर्ट म्हणतात. दीर्घ मुदतीच्या वितरणांचा सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे : वर्तन जुने, ओळखीचे राहते आणि भोके तेवढी बुजवली जातात.

म्हणूनच तपासणी करणारे एखादे साधन केवळ मूळ आकडा पाहून 'धोकादायक जुनी आवृत्ती' असा लाल अक्षरात अहवाल देते, तेव्हा घाबरून इंटरनेटवरून नवी आवृत्ती आणून हाताने बसवू नये. तसे केल्यास ते सॉफ्टवेअर वितरणाच्या देखभालीबाहेर जाते आणि पुढच्या दुरुस्त्या आपोआप येईनाशा होतात. आधी पॅकेजचा पूर्ण क्रमांक पाहावा, मग वितरणाच्या सुरक्षा ट्रॅकरवर त्या चुकीचा सीव्हीई क्रमांक (सुरक्षेच्या जाहीर चुकीला मिळणारा ओळख क्रमांक) शोधून ती कोणत्या शेपटापासून दुरुस्त झाली आहे ते जुळवावे, आणि तेच अहवालाच्या उत्तरात लिहावे.

जुने आणि मुरलेले वापरण्याचा फायदा मार्च २०२४ मध्ये जगाला दिसला. एक्सझेड या संकुचन साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी जाणूनबुजून चोरदरवाजा घातला होता. दूरस्थ लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा माग काढताना आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला तो सापडला. तोवर त्या आवृत्त्या डेबियनच्या टेस्टिंग आणि अनस्टेबल शाखांपर्यंत पोचल्या होत्या, स्टेबलपर्यंत नव्हत्या. अर्थात स्टेबल म्हणजे अभेद्य असेही नाही. २००६ मध्ये डेबियनने ओपनएसएसएलमध्ये स्वतःच्या हाताने केलेल्या एका बदलामुळे तयार होणाऱ्या गुप्त किल्ल्या ओळखता येण्याजोग्या झाल्या, आणि ते २००८ च्या मे महिन्यापर्यंत कोणाच्या लक्षात आले नाही.

मुदतीची वही

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. प्रथम एक वही किंवा साधी स्प्रेडशीट घ्यावी आणि प्रत्येक यंत्रावरील महत्त्वाच्या सॉफ्टवेअरची नोंद करावी : नाव, शेपटासह पूर्ण आवृत्ती, ते कोठून बसवले (वितरणाच्या भांडारातून, प्रकल्पाच्या स्वतःच्या भांडारातून की हाताने), आणि देखभाल संपण्याची तारीख. तिसरा रकाना लोक गाळतात, पण अडचणीच्या वेळी तोच उपयोगी पडतो.

चौथ्या रकान्यासाठी प्रकल्पाच्या संकेतस्थळावरील मुदतीचे पान पाहावे. उदाहरणार्थ, पोस्टग्रेस १६ सप्टेंबर २०२३ मध्ये आले, त्याची मुदत नोव्हेंबर २०२८ पर्यंत आहे, पायथन ३.१२ ची ऑक्टोबर २०२८ पर्यंत, उबुंटू २४.०४ ची २०२९ पर्यंत. डेबियनची साधारण तीन वर्षे आणि त्यापुढे वेगळ्या गटाकडून आणखी दोन. वही भरून झाली की ती या तारखेच्या क्रमाने लावावी. सर्वांत वर जे येईल ते पहिले काम, मग त्याचा आकडा कितीही भारदस्त असो.

त्यानंतर मुदत संपण्याच्या किमान सहा महिने आधीचा एक दिवस अपग्रेडसाठी राखावा, आणि तो निवडताना प्रकल्पाच्या कॅलेंडरबरोबर आपलेही कॅलेंडर पाहावे. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात परीक्षा संपल्यानंतरचा मे महिना बरा. जूनमध्ये प्रवेशांची गर्दी सुरू होते. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्यात मार्चअखेर आणि दिवाळीपूर्वीचे आठवडे वर्ज्य समजावेत. एरवीही जीएसटीच्या विवरणपत्रांमुळे महिन्याची ११ आणि २० तारीख टाळून २१ ते २५ मधला दिवस घ्यावा. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत निम्मे लोक जागेवर नसतात, त्यामुळे काम शांतपणे होईल असे वाटते. परंतु काही बिघडले तर किल्ली आणि पासवर्ड ज्याच्याकडे आहे तोच यात्रेत, होम मैदानावर असतो.

उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर पहिल्याच महिन्यात उडी मारू नये. पहिले दुरुस्त रिलीज, म्हणजे २४.०४.१ सारखे, आल्यानंतरच जुन्या दीर्घ मुदतीच्या यंत्रांना अपग्रेडची सूचना दिसू लागते. प्रकल्पानेच घातलेला हा धीर आपणही धरावा.

अपग्रेडच्या दिवशी

माझी एक चूक सांगतो. ग्रंथालयाच्या डेबियन यंत्रावर सॉफ्टवेअरचे स्रोत नोंदवलेल्या फाइलमध्ये मी आवृत्तीच्या नावाऐवजी 'स्टेबल' हा शब्द लिहून ठेवला होता. तो शब्द नेहमी चालू आवृत्तीकडे बोट दाखवतो. जून २०२३ मध्ये एका दुपारी मी नेहमीचे अपडेट सुरू केले, तेव्हा भांडाराचे नाव 'बुल्सआय'वरून (डेबियन ११) 'बुकवर्म' (डेबियन १२) झाले आहे, हे मान्य आहे का, असे यंत्राने मला रीतसर विचारले. मी न वाचता होकार दिला. निम्मी पॅकेजेस नवी, निम्मी जुनी अशा अवस्थेत यंत्र अडकले आणि ऐन प्रवेशाच्या दिवसांत दोन दिवस पुस्तकांची देवघेव कागदी वहीत करावी लागली. तेव्हापासून मी स्रोतांच्या फाइलमध्ये आवृत्तीचे नावच लिहितो. कोहासारख्या ज्या प्रकल्पांच्या स्वतःच्या भांडारातही 'स्टेबल' हा फिरता शब्द आणि ठरावीक क्रमांक असे दोन्ही पर्याय असतात, तेथे क्रमांक निवडतो.

दिवस ठरला की रिलीज नोट्स वाचाव्यात, आणि केवळ नव्या आवृत्तीच्या नव्हेत तर मधल्या प्रत्येक मुख्य आवृत्तीच्या. 'काढून टाकले', 'यापुढे चालणार नाही', 'हाताने बदल करावा लागेल' अशा अर्थाची वाक्ये वेगळी उतरवून घ्यावीत. डेबियन आणि उबुंटूमध्ये एकेका पायरीनेच वर जावे लागते. डेबियन ११ वरून थेट १३ वर जाणे प्रकल्पाला मान्य नाही.

मग बॅकअप घ्यावा आणि तो दुसऱ्या यंत्रावर उघडून दाखवावा. न उघडलेला बॅकअप मी बॅकअप मानत नाही. हा आग्रह अशासाठी की बहुतेक सॉफ्टवेअर अपग्रेड होताना डेटाबेसची रचनाही बदलते आणि ती उलट दिशेने फिरवता येत नाही. प्रोग्रामची जुनी आवृत्ती परत बसवता येते, पण तिला नव्या रचनेचा डेटा वाचता येत नाही. मागे फिरण्याचा रस्ता फक्त बॅकअपमधून जातो. त्याच दुसऱ्या यंत्रावर अपग्रेडची रंगीत तालीम करावी, किती मिनिटे लागतात ते लिहून ठेवावे, आणि नेहमीची पाच-सहा कामे (पुस्तक देणे, परत घेणे, दंडाची पावती, बारकोड छापणे) ज्याची त्याच्याकडून करून घ्यावीत. आपण स्वतः केली तर सगळे ठीक चालल्यासारखे दिसते. मुख्य यंत्राला यूपीएस असल्याची खात्री करूनच, दिवसाउजेडी आणि शक्यतो आठवड्याच्या सुरुवातीला काम हाती घ्यावे.

आपल्या सॉफ्टवेअरला क्रमांक देताना

समजा आपण यंत्रमाग कारखान्यासाठी एक लहान प्रोग्राम लिहिला आहे : आठवड्याचे विणलेले नग भरले की विणकराची मजुरी निघते आणि हिशेबाच्या प्रोग्रामसाठी एक फाइल तयार होते. क्रमांक देण्याआधी आपला करार कशाचा आहे ते लिहून काढावे. येथे करार त्या फाइलमधील रकान्यांचा आणि पावतीवरील आकड्यांचा आहे. पडद्याचा रंग करारात येत नाही. आता तेलुगू बोलणाऱ्या विणकरांसाठी तेलुगू पावतीची सोय दिली, तर १.४.२ चे १.५.० होईल. फाइलमधला एक रकाना हलवला, तर काम पाच मिनिटांचे असले तरी क्रमांक २.०.० होईल, कारण ती फाइल वाचणारा दुसऱ्याचा प्रोग्राम बंद पडेल. आकडा आपल्या मेहनतीवरून ठरवायचा नसतो, समोरच्याला होणाऱ्या त्रासावरून ठरवायचा असतो.

अवघड प्रसंग दुरुस्तीचा असतो. पैसे पूर्णांकात आणताना आपला प्रोग्राम चुकत होता आणि आपण ते सुधारले, तर नियमाने ते १.४.३ आहे. पण एखाद्या मुनीमजींनी ती चूक ओळखून आपल्या कोष्टकात उलटी दुरुस्ती करून ठेवली असेल, तर आपल्या दुरुस्तीनंतर त्यांचाच हिशेब चुकणार. मी अशा वेळी क्रमांक दुरुस्तीचाच देतो, पण बदलांच्या नोंदीत पहिल्याच ओळीत 'पावतीवरील रक्कम बदलेल' असे लिहितो आणि ती नोंद कारखान्यात वाचून दाखवतो. आपला प्रोग्राम दुसऱ्या कोणत्याही प्रोग्रामला जोडलेला नसेल, फक्त माणसेच तो वापरत असतील, तर तारखेचा क्रमांक अधिक सोपा पडतो.

रिलीजच्या वेळी क्रमांक कोडमध्ये एकाच ठिकाणी असावा आणि बाकी सर्वत्र तेथूनच वाचला जावा. दोन ठिकाणी लिहिलेला क्रमांक कधीतरी हमखास वेगळा निघतो. आधी आरसी काढून ती एका कारखान्यात पगाराचा एक पूर्ण आठवडा चालवावी. मग कोडचा इतिहास राखणाऱ्या गिटमध्ये त्या प्रतीवर टॅग, म्हणजे नावाची खूण, लावावा, आणि एकदा प्रसिद्ध झालेला टॅग पुन्हा हलवू नये. दहा मिनिटांत चूक लक्षात आली तरी त्याच क्रमांकाखाली वेगळी प्रत ठेवू नये, लगेच पुढचा क्रमांक काढावा. पायथनचे पायपीआय आणि एनपीएम या दोन्ही भांडारांत एकदा वापरलेला क्रमांक मागे घेतला तरी पुन्हा वापरू देत नाहीत, ते याच कारणाने.

२.०.० आल्यावर १.५ वापरणारे कारखाने लगेच बदलणार नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी शाखा ठेवावी, दुरुस्ती आधी मुख्य शाखेत करावी आणि मग तेवढीच जुन्या शाखेत आणावी. ही सोय किती दिवस चालेल ती तारीख २.०.० च्या घोषणेतच लिहावी, महिना आणि वर्ष यांसह; आणि ती ३१ मार्च ठेवू नये.